चिमट्याचं वल्हं

आमच्या घरात नवी वस्तू घ्यायची असली तर ती आधी नको म्हणणाऱ्याच्या हातात द्यायची, हा बाबांचा नियम. त्याने ती सगळ्यांसमोर मोडून दाखवायची. मोडली तर घ्यायची नाही. नाही मोडली तर त्याने तोंड मिटायचं आणि पुढे वर्षानुवर्षं मुकाट्याने तीच वापरायची. बाबांनी असे दोर घेतले, कुलपं घेतली, बादल्या घेतल्या, एकदा होडीचा नांगर घेतला. तो मोडायला काकाने घण घातला. घण उसळला आणि काकाच्याच पायावर बसला. काका खाली लोळत होता आणि बाबा म्हणाले, "नांगर चांगला आहे."

बाबा गेल्यावर तलावाकाठची जागा माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या नावावर आली. पाण्यात उतरत जाणारा सिमेंटचा उतार, आणि उताराच्या दोन्ही बाजूंना एकेक शेड. डावीकडे कयाक, म्हणजे पाय लांब करून बसायच्या अरुंद होड्या. त्या माझा नवरा बघायचा. उजवीकडे उभ्याने वल्हवायच्या फळ्या. त्या भाऊ बघायचा. कयाकला दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं लागतं. फळीला लागतं ते माणसाहून उंच, खाली एकच पातं आणि वर मूठ. म्हणून वल्ही दोन तऱ्हांची, शेड दोन, कुलपं दोन, आणि किल्ल्या दोन वेगळ्या खिशांत. एखादं गिऱ्हाईक फळी सोडून कयाक मागायला लागलं की मी हातातलं काम टाकून उतारावर धावायचे.

भाऊ उंच, काटकुळा, दिवसभर पाण्यावर उभा. सगळा तलाव त्याला बगळा म्हणायचा. नवरा बुटका आणि रुंद, खांदे दाराला घासतील असे. दोघं पहिल्यापासून एकमेकांना पाण्यात पाहायचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्याने बगळ्याचा दात पाडला. का, तर त्याने न विचारता याची चप्पल घातली. पुढे कधी ओल्या दोराने झोडलं, कधी शेडच्या दारात बोटं धरून दार लोटलं. बगळा काही गरीब गाय नव्हता. त्याने एकदा नवऱ्याच्या पाठीत वीट घातली होती. पण मार बहुतेक एकाच बाजूने जायचा. आणि एवढं होऊनही बगळ्याने नात्याचा मान सोडला नाही. "दाजी, हात आवरा, नाहीतर तुमचं थोबाड फोडीन," असं तो बोलायचा. ऐकणारे हसायचे.

मागच्या हंगामात मात्र कोणी हसलं नाही. एका बाईला फळीवर भीती वाटली, तिला कयाक हवी होती. नवरा शेड उघडेना. "फळीवाल्याकडचं गिऱ्हाईक फळीवाल्याने सांभाळावं," म्हणाला. बगळा कुलूप तोडायला दगड घेऊन आला. दोघं जुंपले आणि बगळ्याचं कोपर त्या बाईच्या नाकावर बसलं. ती उतारावर बसली आणि रक्त तिच्या बोटांतून गळत राहिलं. तलावाच्या कचेरीतले साहेब आले. म्हणाले, "पुन्हा एकदा असं झालं तर जागेला टाळं लागेल."

त्यावर नवऱ्याने तोडगा काढला. मधोमध भिंत घालायची. धंदा वेगळा, दार वेगळं, आणि बगळ्याने जेवायलाही आपलं आपलं बघायचं. बगळ्याने लग्न केलं नव्हतं. आई गेली तेव्हा तो माझ्या कडेवर होता, आणि तेव्हापासून तो माझ्याच हातचं जेवत आला होता. झोपायला त्याची खोली होती, पण ताट माझ्याकडे. भिंत झाली असती तर तो माझ्या दारात पाऊल टाकू शकला नसता. मला भिंत नको होती. बाकी काहीही चाललं असतं.

मग मला कळलं की दोन्ही कामाचं एकच वल्हं मिळतं. दांड्याचे तुकडे एकमेकांत बसतात. दोन्हीकडे पाती लावली की कयाकचं वल्हं. एक पातं काढून तिथे मूठ बसवली आणि दांडा लांब केला की फळीचं. मी मनाशी म्हटलं, वल्हं एक झालं की शेड एक होईल, कुलूप एक होईल आणि किल्ली राहील माझ्या कमरेला. हंगामाच्या आधी सगळी जुनी वल्ही बदलायची होतीच. मी विक्रेत्याला बोलावलं. तो तीन नमुने घेऊन आला.

"नको," नवरा म्हणाला.

"नको," बगळा म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं.

"मग घ्या, मोडा," मी म्हटलं.

विक्रेता घाबरला. "काकू, नमुने आहेत हो. परत द्यायचे असतात."

"परतच देणार आहोत. किती तुकड्यांत, ते बघू."

पहिलं अल्युमिनियमचं. जड होतं आणि जोडाला बटण होतं. दांड्याच्या भोकातून बटण टक्कन वर आलं की तुकडा बसला. नवऱ्याने ते उताराच्या कडेवर आडवं ठेवलं आणि वर उडी मारली. दांडा नेमका बटणाच्या भोकाशी वाकला, गुडघ्यात दुमडलेल्या पायासारखा. पण तुटला नाही. त्याने तो उचलून भिंतीवर हाणला, पुन्हा हाणला. तोंड लाल झालं तरी हाणत राहिला.

"दाजी, वाकलं ते," बगळा म्हणाला. "आता काय, त्याचा जीव घेता?"

"तुझा घेईन," नवरा म्हणाला आणि वल्हं माझ्या पायाशी फेकलं.

दुसरं कार्बनचं. काळं, आणि इतकं हलकं की बोटावर तोललं तर राहावं. खरं सांगायचं तर मला तेच आवडलं होतं. बगळ्याने पातं दगडाच्या फटीत अडकवलं आणि दांड्यावर टाच दिली. काडकन आवाज झाला. दांड्याच्या चिंध्या झाल्या आणि सुईसारखी एक कपची उडून नवऱ्याच्या गालात रुतली. त्याने ती उपटली. रक्ताची बारीक धार हनुवटीपर्यंत आली.

"मुद्दाम केलंस."

"दाजी, कपचीला काय मी पत्ता दिला होता?"

नवऱ्याने त्याची कॉलर धरली. मी मधे शिरले. विक्रेता केव्हाच गाडीत जाऊन बसला होता आणि काच वर केली होती.

तिसरं फायबरचं, पिवळं. जोडाला बटण नव्हतं, चिमटा होता. चिमटा उघडला की दांडा मागेपुढे सरकतो, दाबून मिटला की हलत नाही. नवऱ्याने उडी मारली, काही झालं नाही. बगळ्याने टाच दिली, काही झालं नाही. मग दोघांनी ते दोन टोकांना धरलं आणि उताराच्या कडेवर टाकून एकदमच दाबायला लागले. "तुम्ही खाली दाबा, दाजी." "अरे, तू आधी वर धर." घामाने दोघं निथळले. त्यांना असं एका कामाला जुंपलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं, जमलं. खुळी मी. ते दोघं एकत्र आले होते ते मोडायला.

वल्हं मोडलं नाही.

"काठावर कुठलीही लाकडी काठीसुद्धा टिकते," नवरा म्हणाला. "पाण्यात बघू."

ते त्याचं बरोबर होतं. असं ठरलं की नवऱ्याने कयाकमध्ये बसून ते वल्हवत पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत जायचं. मूठ त्याने मांडीत ठेवायची. बगळ्याने फळीवर आडवं पडून हातांनी पाणी मारत तिथे पोचायचं. मग वल्हं बगळ्याकडे द्यायचं, त्याने तिथेच एक पातं काढून मूठ बसवायची आणि उभ्याने परत यायचं. पाण्यात जोड अडकला तर वल्हं नापास. नंतर मला लोकांनी विचारलं, त्या दोघांना एकटं पाण्यात सोडलंसच कसं? पण आमच्यात वस्तू अशीच बघतात. वस्तूकडे बघायचं, माणसांकडे नाही.

दोघं बोयाशी पोचले. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता, बोलणं काठापर्यंत ऐकू येत होतं. बगळा फळीवर उभा राहिला आणि चिमटा उघडायला लागला. ओल्या बोटांनी तो निसटत होता.

"बघ, अडकला," नवरा म्हणाला. "नापास."

"अडकला नाही. बोटं ओली आहेत. आणि यातली दोन तुम्हीच दारात चेमटवलीत, ती वळत नाहीत."

"आण इकडे. ताडासारखा वाढलास, पण अक्कल गुडघ्यात. कधी बसून काम केलंस तर येईल."

बगळ्याने वल्हं त्याला परत दिलं. देता देता म्हणाला, "बसायचं काय कौतुक, दाजी? माझ्या बापाने जागा दिली म्हणून तुम्ही बसलात. नाहीतर कुठे बसला असतात?"

मग पिवळं पातं उन्हात वर गेलेलं मला दिसलं.

पहिला फटका नडगीवर बसला. बगळा वाकला. दुसरा पात्याच्या धारेने कानावर. कान वरून सुटला आणि लोंबायला लागला. बगळा पाण्यात पडला, पण फळीचा पट्टा त्याच्या घोट्याला बांधलेला होता, त्यामुळे तो लांब जाऊ शकेना. त्याने फळीची कड धरली. नवऱ्याने त्याच्या हातावर मारलं. त्याने दुसरा हात टाकला, त्याच्यावरही मारलं. "बस! बस आता!" असं नवरा ओरडत होता, आणि दर "बस"ला एक फटका.

मी धावले. अडीनडीला ठेवलेल्या आमच्या मोटारबोटीचं इंजिन दुरुस्तीला गेलं होतं, शेडना कुलपं होती. उतारावर एक कयाक बाहेर होती, ती ढकलली, आणि पायाशी पडलेलं वाकडं वल्हं उचललं. वाकड्या वल्ह्याने होडी सरळ जात नाही. मी डावीकडे भरकटत, शिव्या देत निघाले.

निम्म्या वाटेवर होते तेव्हा बगळा दिसेनासा झाला. मग नवऱ्याची कयाक एका बाजूने उचलली गेली आणि उलटली. बगळा तिच्या खालून वर आला. नवरा बाहेर आला तो खोकत, धडपडत. तेवढ्यात बगळ्याने मागून तेच पिवळं वल्हं त्याच्या गळ्यावर आडवं घातलं, दोन्ही हातांनी ओढलं आणि त्याच्यासकट पाण्याखाली गेला. वर आला. पुन्हा गेला. दर वेळी त्याने स्वतः श्वास घेतला, नवऱ्याला घेऊ दिला नाही.

मी पोचले. "सोड त्याला."

"नाही."

"बगळ्या, मरेल तो."

"मरू दे, ताई. तू परत जा."

त्याच्या कानाचं रक्त पाण्यात पसरत होतं. नवऱ्याचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, कुठेच बघत नव्हते. मी वाकडं वल्हं उचललं आणि बगळ्याच्या हातावर मारलं, मनगट आणि कोपर यांच्या मधे. त्याने सोडलं नाही. फक्त माझ्याकडे मान वळवून पाहिलं. मी दुसऱ्यांदा मारलं, होतं नव्हतं ते बळ लावून. हाड मोडल्याचा आवाज मी आधीही ऐकला होता, काकाच्या पायाचा. हा त्याहून बारीक होता.

हात सुटला. नवरा वर आला आणि माझ्या होडीच्या कडेला लटकून ओकला. बगळा फळीवर छाती टेकून पडून राहिला, मोडका हात पाण्यात तरंगत ठेवून. पिवळं वल्हं आमच्या मधे तरंगत होतं. त्याला ओरखडासुद्धा नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी बगळ्याला विचारलं, हे कसं झालं? तो म्हणाला, "उतारावर शेवाळ होतं." पलीकडच्या खाटेवर नवऱ्याला गळ्यावरच्या वळाचं विचारलं. त्याला बोलता येत नव्हतं, पण त्याने कसंबसं घोगरं उत्तर दिलं, "दोर." पोलिसांना बोलवू का, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हटलं, "घरचीच माणसं आहेत." डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच विचारतोय."

प्लास्टर झाल्यावर बगळा बाकावर बसला. कानाला टाके घातले होते.

"तू मला मारलंस, ताई."

"तू थांबत नव्हतास."

"तो थांबत होता?"

"मी निघाले होते रे. वल्हं वाकडं होतं."

"असू दे." त्याने प्लास्टर मांडीवर नीट ठेवलं. "एवढी वर्षं तो मला मारतो. त्याच्या अंगावर तुझा हात कधी गेला नाही. माझ्या अंगावर एकदाच गेला, तो हाड मोडून आला."

"नाहीतर तू खुनी झाला असतास."

"झालो असतो. पण एकाच दिवसापुरता. तो तर रोजचाच." तो उठला. "उद्यापासून जेवायला येणार नाही. भिंत घालायची तर घाला."

मी मागे गेले, पण त्याच्या ढांगा मोठ्या. रिक्षात बसला आणि गेला.

आठवडाभर त्याचं ताट मी मांडत होते आणि उचलत होते. नवरा गळ्याला पट्टा लावून समोर बसायचा, पातळ पेज प्यायचा आणि खूश दिसायचा. हळूहळू त्याला आवाज आला. आवाज येताच पहिलं वाक्य म्हणाला, "विक्रेत्याला फोन कर. दोन पात्यांची साधी वल्ही मागव. फळ्या विकून टाकू."

"फळ्या बगळ्याच्या आहेत."

"बगळा उडाला."

"जागा त्याची आहे, अर्धी. आणि वल्हं पास झालंय. मी चिमट्याचंच मागवणार आहे."

तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने माझ्या तोंडात मारली. मी ओट्याच्या कडेवर आपटले. ओठ दातात सापडून फाटला. एवढ्या संसारात त्याने माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. बायका मला नशीबवान म्हणायच्या. मीही तसंच समजत आले होते. तोंडात रक्ताची चव येत होती आणि मला एकच गोष्ट लख्ख दिसत होती. माझ्या वाट्याचा मार इतकी वर्षं कोण खात होतं, ते.

"पुन्हा बोल," तो म्हणाला आणि पुन्हा हात उचलला.

पिवळं वल्हं दाराशी टेकवलेलं होतं, मूठ बसवून, लांब केलेलं. मी दुसऱ्या थपडेची वाट पाहिली नाही. पातं हातात धरलं आणि मूठ त्याच्या बरगडीत घातली. तो "अगं" म्हणाला. मी आणखी एकदा घातली, त्याच जागी. तो भिंतीला घसटत खाली बसला आणि तोंड उघडून श्वास शोधायला लागला.

त्याच्या खिशातून मी शेडची किल्ली काढली. शेजारच्यांना सांगितलं, आमच्याकडे डॉक्टर पाठवा. आणि वल्हं खांद्यावर टाकून निघाले.

बगळ्याची खोली सायकलवाल्याच्या दुकानावर होती. त्याने डाव्या हाताने दार उघडलं. माझा ओठ पाहिला आणि चपला शोधायला लागला.

"कुठे निघालास?"

"दाजींना भेटून येतो."

"बस खाली. मी भेटून आलेय. बरगड्या गेल्यात त्याच्या."

तो दारातच थांबला. माझ्याकडे पाहिलं, मग वल्ह्याकडे.

"कुठल्या टोकाने?"

"मुठीच्या."

"चिमटा सरकला?"

"नाही सरकला."

त्याला हसू आलं, पण कानाचे टाके ओढले गेले म्हणून त्याने ते आवरलं. गॅसवर कसलंतरी कालवण होतं. एका हाताने भाज्या चिरलेल्या, त्यामुळे फोडी एवढाल्या. त्याने दोन ताटल्या काढल्या. मी वल्ह्याचे तुकडे सोडवून कोपऱ्यात ठेवले.

"सगळी अशीच मागवते," मी म्हटलं. "तू आणि मी, दोघांत शेड एक. मला उभं राहायला शिकव."

"या वयात पडशील."

"पडेन."

त्याने वाढलं. फोडी कच्च्या होत्या आणि तिखट माझ्या ओठाला झोंबत होतं. खाता खाता तो मधेच थांबला. "दाजी बरे होणार, ताई. बरे झाले की उतारावर येणार. आणि मी असा एका हाताचा. मी काय करू?"

"तू नुसता माझ्या बाजूला उभा राहा," मी म्हटलं. "मारायचं ते मी मारीन."